चेहऱ्यावरचा रोलर : तुमचे प्रश्न आणि माझी उत्तरं

ह्या वेळी सदरात एकच विषय घेतेय कारण पत्रंच तशी आलीत. कुणी जेड रोलर, म्हणजे दांड्याला बसवलेला, चेहऱ्यावर फिरवायचा गुळगुळीत दगड, मागवलाय, कुणाला वाढदिवसाला मिळालाय, कुणी रील बघून रोज रात्री अर्धा अर्धा तास गाल घासतंय आणि आता गाल चुरचुरतोय म्हणून विचारतंय. मी त्वचेची डॉक्टर आहे, रोलर विकत नाही आणि रोलरच्या विरोधातही नाही, माझ्या स्वतःच्या आरशासमोर एक पडलेला असतो. पण ओपीडीत रोलर वापरून बिघडलेले चेहरे येतात तेव्हा फार वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा दोष त्या दगडाचा नसतो, तो कुठल्या त्वचेवर, किती जोरात आणि कशाबरोबर फिरवला ह्याचा असतो, आणि हे आधी कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

प्रश्न : मॅडम, मी 27 वर्षांची आहे, ठाण्याला राहते, आयटीत आहे. महिन्यापूर्वी हिरवा जेड रोलर मागवला. सकाळी उठल्यावर माझा चेहरा फुगलेला असतो, डोळ्यांखाली पण. रोलर फिरवला की बरं दिसतं पण दुसऱ्या दिवशी परत तसंच. ह्याने जॉलाइन येईल का? आणि नक्की किती वेळ, कुठल्या दिशेने फिरवायचा, प्रत्येक व्हिडिओत वेगळंच सांगतात.

उत्तर : बरं दिसतं हे खरं आणि दुसऱ्या दिवशी परत तसंच होतं हेही खरं, रोलरचं काम तेवढंच आहे. रात्रभर आडवं झोपलं की शरीरातलं पाणी चेहऱ्याच्या सैल कातडीत साठतं, पापण्यांची कातडी सगळ्यात पातळ म्हणून तिथे आधी दिसतं, आणि आदल्या रात्री पापड, लोणचं, चायनीज असं खारट जास्त झालं असेल तर विचारायलाच नको. हे पाणी परत नेणाऱ्या बारीक नळ्या असतात, लसिकावाहिन्या, त्यांना हृदयासारखा मोठा पंप नसतो त्यामुळे आपण हललो, बोललो, चावलो की त्यांचं काम जोर धरतं. तुम्ही उठून तासभर घरात वावरलात तरी ती सूज उतरतेच, रोलरने ते जरा लवकर होतं इतकंच. शिवाय दगड गार असला की वरच्या रक्तवाहिन्या आकसतात त्यामुळेही फुगवटा कमी दिसतो.

दुसरा फायदा म्हणजे चेहऱ्यावर येणारा तजेला. 2018 साली जपानी संशोधकांचा एक छोटा अभ्यास आला होता, त्यात पाच मिनिटं रोलर फिरवलेल्या गालातला रक्तप्रवाह वाढला आणि नंतर निदान दहा मिनिटं तो वाढलेला राहिला. पण त्या अभ्यासात सुरकुत्या गेल्या, गाल बारीक झाले असं काही नव्हतं. जॉलाइन ही जबड्याचं हाड, त्यावरचा स्नायू आणि चरबी ह्यांनी ठरते, त्यातलं काहीही वरून दगड फिरवून हलत नाही, तेव्हा त्या आशेने रोज जोर वाढवत नेऊ नका.

जोर हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. ह्या लसिकावाहिन्या कातडीच्या अगदी लगेच खाली असतात, दाबलं की त्या बंद होतात आणि ज्यासाठी रोलर घेतला तेच काम थांबतं. मी पेशंटना नेहमी सांगते की पुरणपोळी आठवा, लाटण्यावर जोर दिला की पुरण बाहेर येतं, शेवटचे चार हात आपण लाटणं नुसतं टेकवून फिरवतो ना, तेवढाच दाब. भाकरी थापायला घेतल्यासारखा हात नको. आरशात बघताना रोलरच्या पुढे कातडीची घडी सरकताना दिसली की समजा जास्त होतंय, दाब कमी करा.

दिशेचं म्हणाल तर व्हिडिओत सगळं वर वर ओढायला सांगतात पण चेहऱ्यातलं पाणी शेवटी मानेतून खालीच जातं, कानासमोर आणि जबड्याखाली लसिकेच्या गाठी असतात, तिथून ते मानेतून उतरत गळ्याच्या हाडापर्यंत येतं. म्हणून सुरुवात मानेपासून करा, कानामागून खाली गळ्याच्या हाडापर्यंत चार-पाच हलके हात. मग हनुवटीपासून कानाकडे, नाकाच्या कडेपासून कानाकडे, डोळ्यांखाली रोलरच्या दुसऱ्या टोकाच्या छोट्या दगडाने नाकाकडून कानशिलाकडे (पापणीवर नाही, खालच्या हाडावरून), कपाळाच्या मधून दोन्ही कानशिलांकडे. एका जागी पाच-सहा वेळा पुरे. शेवटी परत कानापासून खाली. सगळं मिळून पाच मिनिटं, त्याहून जास्त वेळ घासून जास्त काही मिळत नाही, उलट चेहरा लाल होतो.

चेहरा आधी धुतलेला हवा आणि त्यावर काहीतरी ओलसर, घसरणारं हवं, साधं जेल मॉइश्चरायझर चालतं. कोरड्या चेहऱ्यावर रोलर अडकतो आणि कातडी ओढली जाते. ज्या रात्री रेटिनॉल किंवा ग्लायकोलिकसारखं ॲसिड लावता त्या रात्री रोलर नकोच. आणि सकाळी सनस्क्रीन रोलरनंतर लावा, आधी लावलंत तर दगडाबरोबर निम्मं निघून येईल आणि राहिलेलं ठिगळाठिगळाने राहील, मग उन्हापासून जे संरक्षण हवं ते मिळणार नाही.

प्रश्न : डॉक्टर, मी रत्नागिरीची, बी.एस्सी.ला आहे. मला पहिल्यापासून पिंपल्स होतेच पण खूप नव्हते. मैत्रिणीने सांगितलं म्हणून खोबरेल तेल लावून रोलर करायला लागले, तीन आठवड्यात गालावर आणि कपाळावर सगळीकडे बारीक बारीक पुळ्या आल्या, खाज पण येते. आई म्हणते आतली घाण बाहेर पडतेय, चालू ठेव. खरंच असं असतं का?

उत्तर : नाही गं, असं नसतं. आईचं मन मोडू नकोस पण रोलर आणि तेल दोन्ही आजच बंद कर. पुळ्या म्हणजे आतली घाण बाहेर पडणं ही समजूत फार जुनी आहे आणि तिच्यामुळे मुली महिनोन् महिने चुकीचं करत राहतात.

तुझ्या बाबतीत बहुधा दोन गोष्टी झाल्यात. एक, खोबरेल तेल केसांना, अंगाला उत्तम पण ज्यांना मुळात पिंपल्स येतात त्यांच्या चेहऱ्यावर ते छिद्रं बंद करतं. दोन, तू खाज लिहिलीस आणि एकसारख्या बारीक पुळ्या लिहिल्यास, हे साध्या पिंपल्सपेक्षा वेगळं वाटतं. आपल्या सगळ्यांच्या त्वचेवर मॅलसेझिया नावाची बुरशी राहत असते, कोकणातल्या दमट हवेत आणि वरून तेल मिळालं की ती वाढते आणि केसांच्या मुळाशी अशा खाजणाऱ्या पुळ्या येतात. शिबं होतात ना पाठीवर, त्याच्याच घरातली. ह्याला पिंपल्सची नेहमीची क्रीम लावून फरक पडत नाही, बुरशीचं औषध लागतं, म्हणून एकदा त्वचेच्या डॉक्टरांना दाखव.

आता रोलरबद्दल. पू असलेल्या पुळीवरून रोलर गेला की ती फुटते, आत दाबली गेली तर सूज वाढते, डाग मागे राहतो, आणि आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर ते डाग महिनोन् महिने जात नाहीत. एक मुलगी माझ्याकडे आली होती, तिच्या गालावर छोटे छोटे चपटे कातडीच्या रंगाचे फोड होते आणि ते अगदी सरळ रेघेत, नाकाकडून कानाकडे, पट्टी ठेवून आखल्यासारखे. ते पिंपल्स नव्हते, चपटे चामखीळ होते, विषाणूने होतात, सुरुवातीला दोन-तीनच असणार आणि रोलरने तिने स्वतःच ते पूर्ण गालभर पेरले होते. ओठावर ताप फुटल्यासारखे फोड येतात, नागीण जातीच्या विषाणूचे, तेव्हाही रोलर अजिबात नको. आणि ज्यांना कोड किंवा सोरायसिस आहे त्यांनी तर चेहरा घासायचाच नाही, ह्या आजारांत जिथे घर्षण होतं, खरचटतं तिथे नवा डाग उठू शकतो.

त्या मुलीला मी रोलर घेऊन यायला सांगितलं होतं. वरून छान गुळगुळीत, धुतलेला. टेबलावर टिश्यू पेपर ठेवला आणि दगडाच्या आरपार जी सळई जाते ती चिमट्याने बाहेर ओढली, तर सळईला तांबडा गंज आणि भोकातून काळपट तेलकट पाणी टिश्यूवर उतरलं, कुबट वास. आम्ही दोघी गप्पच झालो. वरून धुतलेलं पाणी सळईच्या बाजूने आत जातं आणि तिथेच राहतं, पावसाळ्यात तर वाळतच नाही. त्यामुळे रोलर नळाखाली किंवा वाटीत बुडवून ठेवू नका, सौम्य साबणाच्या पाण्यात बुडवून पिळलेल्या फडक्याने पुसा, मग साध्या ओल्या फडक्याने, मग कोरड्या, आणि पंख्याखाली उघडा वाळू द्या, बाथरूममधे ठेवू नका. हे प्रत्येक वापरानंतर, आठवड्यातून एकदा नाही. सळई गंजली, दगडाला चीर गेली, फिरताना करकर वाजायला लागला की तो टाकून द्या, सातशे रुपयांचा असला तरी.

बाळा, पुळ्या पूर्ण गेल्या आणि दोन-तीन महिने चेहरा शांत राहिला की मग हवं तर हलकं जेल लावून कर. तोवर त्या रोलरशिवाय काही अडत नाही.

प्रश्न : रोलर फ्रीजमधे ठेवावा की फ्रीझरमधे?

उत्तर : फ्रीजमधे, खालच्या कप्प्यात, डब्यात घालून, दहा-पंधरा मिनिटं. फ्रीझरमधला दगड थेट गालावर लावला तर बर्फाने भाजल्यासारखा चट्टा उठू शकतो आणि दगडही तडकतो. ज्यांच्या अंगावर थंड पाण्याने किंवा गार वाऱ्याने पित्त उठतं त्यांनी गार रोलर लावूच नये.

प्रश्न : नमस्कार. आम्ही नांदेडला राहतो. माझ्या वहिनींकडे बारीक सुया असलेला रोलर आहे, डाग आणि खड्डे जातात म्हणून त्यांनी ऑनलाइन मागवला. त्या वापरून झाल्यावर मी पण वापरते, गरम पाण्याने धुऊन घेतो आम्ही. वर व्हिटॅमिन सी सीरम लावतो म्हणजे आत जातं. फिरवल्यावर थोडं रक्ताचे ठिपके येतात, वहिनी म्हणतात आले म्हणजे काम झालं. बरोबर आहे ना?

उत्तर : ताई, हे पत्र वाचून मी ह्या सदराचा विषयच बदलला, दुसरा घेणार होते. कृपया हे थांबवा, आज, आत्ता, आणि वहिनींनाही वाचून दाखवा.

तुमच्याकडे आहे तो डर्मा रोलर. नावात रोलर आहे म्हणून तो जेड रोलरचा भाऊ वाटतो, पण जेड रोलर कातडीवरून फिरतो आणि हा कातडीला भोकं पाडतो. चेहऱ्याच्या कातडीचा सगळ्यात वरचा संरक्षक थर मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजावा इतका पातळ असतो, त्याखाली रक्तवाहिन्या असलेला थर. अर्धा मिलिमीटर सुई सहज तिथवर पोचते. मुरुमांच्या खड्ड्यांसाठी आम्ही दीड मिलिमीटरपर्यंतच्या सुया वापरतो पण त्या क्लिनिकमधे, भूल देणारं क्रीम लावून, निर्जंतुक करून, एका पेशंटला एकच, आणि नंतर ती फेकून देतो. रक्ताचे ठिपके आले म्हणजे काम झालं असं नाही, तुमच्या चेहऱ्यावर असंख्य उघड्या जखमा झाल्या असा त्याचा अर्थ.

आणि त्या जखमांमधे वहिनींचं रक्त जातंय. गरम पाण्याने ते जात नाही. हिपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर वाळलेल्या रक्तात निदान सात दिवस जिवंत राहतो. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यात एका विनापरवाना स्पामधे सुयांनी चेहरा टोचून त्यावर रक्तातलाच भाग लावायचं फेशियल करून घेतलेल्या बायकांना एचआयव्हीची लागण झाल्याचं सरकारी तपासात निघालं, त्याचा अहवाल 2024 मधे आला. मी घाबरवायला हे सांगत नाहीये, बहुतेक वेळा असं काही होत नाही, पण तुम्ही दोघी एकमेकींच्या रक्ताच्या संपर्कात आलायत तेव्हा डॉक्टरांना सांगून हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही ह्या तपासण्या करून घ्या, सरकारी दवाखान्यात एचआयव्हीची तपासणी मोफत होते आणि नाव गुप्त ठेवतात. हिपॅटायटिस बी ची लस घेतलेली नसेल तर तीही घ्या. लाज वाटायचं काहीच कारण नाही, तुम्ही चेहरा चांगला दिसावा म्हणून केलंत.

सीरमचं पण ऐका. बाटलीतलं व्हिटॅमिन सी सीरम हे अखंड त्वचेच्या वर लावायला बनवलेलं असतं, त्यात सुगंध असतो, टिकाऊपणासाठीची रसायनं असतात. सुयांच्या भोकांतून ते आत ढकललं की शरीर त्याला परकं समजतं. असं वरून लावायचं सीरम किंवा जेल लावून सुयांची ट्रीटमेंट घेतलेल्या तीन बायकांच्या चेहऱ्यावर कडक लालसर गाठी उठल्याची नोंद 2014 साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात आली होती.

स्वस्तातल्या रोलरमधे बऱ्याचदा सुट्या सुया नसतातच, पत्र्याच्या चकत्यांना दाते कापून त्या ओळीने बसवलेल्या असतात, त्या टोचत कमी आणि फाडत जास्त जातात. चार वेळा वापरल्यावर टोकं वाकतात. आपल्या त्वचेला अशी जखम झाली की ती बरी होताना काळी पडते, म्हणजे डाग घालवायला घेतलेल्या वस्तूने नवे डाग. खड्डे असतील तर त्यावर चांगले उपाय आहेत, त्यासाठी डॉक्टरांकडे जा. घरच्या रोलरचं करायचं काय तर जाड प्लास्टिकच्या डब्यात घालून झाकण चिकटपट्टीने बंद करा, वर मार्करने सुया असं लिहा आणि मग द्या, कचरा वेचणाऱ्या बाईंच्या हाताला टोचायला नको.

प्रश्न : माझं लग्न 3 आठवड्यांवर आहे. पार्लरमधे फेशियल, थ्रेडिंग, वॅक्स सगळं होणार आहे, एका क्लिनिकमधे ओठांना फिलर पण घेतेय. रोज रोलर केला तर चालेल ना?

उत्तर : थ्रेडिंग, वॅक्स, ब्लीच ह्यानंतर एक-दोन दिवस नको, केसांची मुळं उघडी असतात, पुळ्या येतात. फिलर म्हणजे ओठ भरीव दिसायला टोचतात ते जेल, त्यानंतर दोन आठवडे त्या भागावर काहीही दाबायचं नाही, बोटॉक्स (सुरकुत्यांसाठीचं इंजेक्शन) घेणार असाल तर निदान पहिले 24 तास नाही, औषध सरकू शकतं, आणि तुमच्या डॉक्टरांनी ह्याहून जास्त दिवस सांगितले असतील तर त्यांचं ऐका. फिलर घ्यायचंच असेल तर लवकर उरकून घ्या, लग्नाच्या आठवड्यात नवीन काहीही करू नका. हळदीच्या दिवशी सकाळी फ्रीजमधला रोलर पाच मिनिटं, एवढं ठीक आहे.

प्रश्न : दुसऱ्या बाळंतपणानंतर दोन्ही गालांवर वांग आला. मेडिकलवाल्याने दिलेलं गोरं करायचं क्रीम आठ महिने लावतेय, आधी खूप फरक पडला, आता एक दिवस जरी नाही लावलं तर चेहरा लाल होतो, आग होते, बारीक केस पण आलेत. रोलरने रक्ताभिसरण वाढून वांग जातो असं ऐकलं म्हणून सुरू केला तर लाली अजून वाढली. - एक गृहिणी, जालना

उत्तर : लाली रोलरने वाढली पण तिचं मूळ त्या क्रीममधे आहे. त्या ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा, मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन ह्यापैकी एखादं नाव असेल, ही सगळी स्टिरॉइड आहेत. काही आठवडे डॉक्टरांच्या देखरेखीत ती उपयोगी असतात पण महिनोन् महिने लावली की कातडी कागदासारखी पातळ होते, रक्तवाहिन्या वर दिसायला लागतात, केस येतात, आणि बंद केलं की आग. आपल्या देशात हा त्रास इतका आहे की 2018 साली सरकारने लावायच्या औषधांतली 14 स्टिरॉइड चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी काउंटरवरून ती मिळतातच. तुमचा दोष नाही ह्यात, तुम्ही विश्वासाने घेतलंत.

अशा पातळ कातडीवर रोलर म्हणजे नुसता त्रास. तो बंद करा. क्रीम मात्र स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका, ट्यूब घेऊन त्वचेच्या डॉक्टरांकडे जा, ते हळूहळू उतरवतील आणि मधल्या काळातल्या आगीवर औषध देतील. सहा महिने लागतात कधी कधी, धीर सोडू नका.

आणि वांग रक्ताभिसरणाने जात नाही. तो ऊन, गरोदरपणातली हार्मोन्स, घराण्यातली प्रवृत्ती ह्यांनी येतो, उष्णतेने आणि घासण्यानेही वाढतो. म्हणून साधा रोलरसुद्धा वांग असलेल्या गालांवर मी सांगत नाही. सनस्क्रीन रोज, घरात असलात तरी, आणि रंगाची छटा असलेलं मिळालं तर ते घ्या, त्यातलं लोहाचं संयुग दिसणाऱ्या उजेडापासूनही वाचवतं आणि वांगाला त्याची गरज असते.

प्रश्न : माझ्या मिस्टरांना (वय 44) दोन महिन्यांपासून सकाळी डोळ्यांभोवती खूप सूज असते. मी त्यांना माझा रोलर देते, थोडी कमी होते. संध्याकाळी पायावर मोज्याचा वळ उमटतो तो पण खोल असतो. कुठला रोलर जास्त चांगला, स्टीलचा का दगडाचा? - पिंपरी

उत्तर : ताई, कुठलाच नाही. आधी त्यांना फॅमिली डॉक्टरांकडे न्या, ह्याच आठवड्यात. रोज सकाळी डोळ्यांभोवती सूज आणि संध्याकाळी पायावर सूज हे एकत्र आलं की मूत्रपिंडाकडे बघावं लागतं. त्यांना विचारा लघवीला फेस येतो का, साबणाच्या पाण्यासारखा, फ्लश केल्यावरही राहणारा. ब्लड प्रेशर, लघवीतलं प्रोटीन, रक्तातलं क्रिएटिनिन, थायरॉइडची टीएसएच आणि साखर, ह्या साध्या तपासण्या आहेत, एका दिवसात होतात. काही निघेलच असं नाही पण लवकर सापडलं तर खूप काही करता येतं. गुडघ्याखाली नडगीवर अंगठ्याने दहा सेकंद दाबून बघा, खड्डा तसाच राहिला तर तेही डॉक्टरांना सांगा.

कुणाचाही एका बाजूचा चेहरा अचानक सुजला, किंवा एक डोळा मिटेना, पाणी प्यायलं की ओठाच्या कोपऱ्यातून ओघळतं असं झालं तर मालिश, रोलर, शेक करत बसू नका, तडक दवाखाना. तोंड वाकडं होण्याच्या एका प्रकारात पहिल्या 72 तासांत गोळ्या सुरू झाल्या तर बरं व्हायची शक्यता वाढते, आणि तो लकवाही असू शकतो, त्यात तर तासातासाला महत्त्व असतं.

प्रश्न : मुलीने न्यू जर्सीहून ग्वाशाचा दगड आणि रोलर पाठवलाय. मला 69 पूर्ण, बीपीची आणि रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. मान पण करायची असं ती सांगते.

उत्तर : काकू, रोलर करा, हलक्या हाताने, चेहऱ्यापुरता. ग्वाशाचा चपटा दगड ठेवून द्या, तो कातडीवरून घासत न्यायचा असतो आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना काळेनिळे डाग पडतात. मानेला, घशाच्या दोन्ही बाजूंना जिथे बोट ठेवलं की धडधड लागते ती मेंदूकडे रक्त नेणारी मोठी शीर आहे, तिथे दाब पडला तर ठोके मंदावतात, बीपी उतरतं, चक्कर येऊ शकते, आणि ह्या वयात तिच्या आतल्या भिंतीला चरबीचे थर असू शकतात. म्हणून तुम्ही मानेवर रोलर नका करू. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतं झालं असेल तर डोळ्यांच्या आसपासही नको, डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

प्रश्न : खरा जेड कसा ओळखायचा? आणि 24 कॅरेट सोन्याचा रोलर दगडापेक्षा चांगला असतो का?

उत्तर : जेड नावाने दोन वेगळे दगड ओळखले जातात, नेफ्राइट आणि जेडाइट, आणि बाजारातले स्वस्त हिरवे रोलर बऱ्याचदा ह्यातले कुठलेच नसतात, सर्पेंटाइन नाहीतर रंग दिलेला दुसरा दगड असतो. त्वचेला त्याने काही फरक पडत नाही, गुळगुळीत आणि गार असला की झालं, फक्त पांढऱ्या ओल्या फडक्याने पुसल्यावर रंग सुटत असेल तर वापरू नका. सोन्याच्या रोलरवर अगदी पातळ मुलामा असतो आणि त्याखाली दुसराच धातू, त्यात निकेल असू शकतं. खोटे कानातले घातल्यावर ज्यांचे कान पिकतात, जीन्सच्या बटणाने पोटावर खाज येते, त्यांना निकेलची ॲलर्जी असायची शक्यता मोठी, त्यांनी मुलाम्याचा रोलर टाळावा आणि दगडाच्या रोलरच्या दांड्यावरही लक्ष ठेवावं. गालाची कड किंवा बोटं खाजायला लागली तर तेच कारण.

प्रश्न : आमच्या साताऱ्याकडे आजी काशाच्या वाटीने तळपायाला तूप चोळायची. आता तीच वाटी चेहऱ्यासाठी चांगली म्हणून विकतात, फिरवल्यावर चेहरा काळपट-हिरवा होतो, ते म्हणतात शरीरातलं विष बाहेर आलं. खरं का?

उत्तर : आजीची वाटी माझ्याही माहेरी आहे, उन्हाळ्यात डोळ्यांची आग व्हायला लागली की आई रात्री बसवून तळपाय चोळायची, त्या झोपेची आठवण अजून आहे. पण तो काळपट रंग विष नाही. कासं म्हणजे तांबं आणि कथील, साधारण चार भागांतले तीन भाग तांबंच, त्याची घामातल्या आम्लाशी आणि तेलाशी क्रिया होऊन तो रंग येतो. स्टीलच्या डब्यावर तूप लावून तीच वाटी फिरवून बघा, थोडा काळपटपणा तिथेही येईल आणि डब्यात कुठलं विष नसतं. चेहऱ्यावर करायचंच असेल तर नंतर चेहरा नीट धुवा, आम्ल असलेल्या सीरमवर कासं अजिबात नको, आणि पायाची वाटी आणि चेहऱ्याची वाटी वेगळी ठेवा, पायाला चिखल्या किंवा नायटा असेल तर तो चेहऱ्यावर येईल. तळपायाला मात्र खुशाल करा, डायबिटीस असून पाय बधिर असतील तर जखम आहे का ते आधी बघून, आणि चोळून झालं की तूप पुसून मगच पाय फरशीवर ठेवा, घरातली वयस्कर माणसं तिथेच घसरतात.